अंगठा न उमटल्याबाबत

रविवार, २ मार्च २०२५. सकाळी ७.

मी, झिपरू चैत्या धोडी, वय वर्षे चौऱ्याहत्तर (आधार कार्डावर एकोणसत्तर, ती चूक माझी नाही), धंदा शेती, राहणार खडकपाडा, तालुका तलासरी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, कोणी विचारल्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवतो की, मी सही करणारा माणूस आहे. पाड्यावरील पहिली सही माझी. विहिरीवरील मोटार चोरीस गेली, विजेचा खांब पडला, शेजारी सुक्या याचा बैल साप चावून मेला, अशा सर्व प्रसंगी पंच म्हणून माझी सही झालेली आहे. इतरांनी अंगठे लावले. मी आजवर शाईत बोट बुडवलेले नाही.

लिहिण्यास कारण: रेशन दुकानदार विनोद याने निरोप धाडला की, ३१ मार्चपूर्वी कार्डावरील प्रत्येकाने यंत्रावर अंगठा लावावा. न लावल्यास नाव कमी होईल. यास केवायसी म्हणतात.

आजवर पत्नी बुधीबाई हिच्या अंगठ्यावर धान्य येत आले. एका घरास एक अंगठा पुरेसा आहे, असे माझे मत होते व आहे.

संकल्प: अंगठा लावणार नाही. सही देईन.

सोमवार, ३ मार्च.

दुकानी गेलो. स्वतःचे पेन नेले. सही कोठे करू, असे विचारले. विनोद म्हणाला, "काका, आ मशीनमां सहीचं खानंच नाय." मी म्हणालो, मग यंत्र अपुरे आहे. रांगेतील माणसे हसली. यंत्राला हसली असावीत.

बुधीबाईने अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी हिरवा दिवा. तिने माझ्याकडे पाहिले. काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

सुक्याचाही दिवा हिरवा. चौथीत गुरुजींनी एक शब्द शिकवला होता: अंगठेबहाद्दर. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही तो. हा शब्द मी सुक्यास पन्नास वर्षे लावीत आलो आहे. त्यास त्यातील 'बहाद्दर' एवढेच ऐकू येते व तो खूश होतो. आज तो दिव्याकडे बोट दाखवून सर्वांना म्हणाला, "झिपऱ्या पयल्यापासून बोलतोय, मी बहाद्दर हाय म्हणून!"

बुधवार, ५ मार्च. दुपारी.

नवीन यंत्रांविषयी माझे मत. कोणी विचारलेले नाही, तरी मत असावे.

मोबाइल. फायदा: नातेवाईक वारल्याची बातमी त्याच दिवशी कळते. तोटा: जावे लागते.

अंगठ्याचे यंत्र. फायदा: पूर्वी मेलेली माणसेही धान्य उचलीत, ते बंद झाले. तोटा: आता जिवंत माणसासही उचलता येईल असे नाही.

नेटवर्क. आमच्या पाड्यावर पाण्याच्या टाकीखाली येते. तेही हद्दीपलीकडील गुजरातचे. टाकीखाली उभे राहिल्यावर मोबाइल आपले गुजरातीत स्वागत करतो. आपण मात्र खडकपाड्यातच असतो.

शुक्रवार, ७ मार्च.

सून दक्षा बारावी आहे. तिने शांतपणे समजावले. म्हणाली, बाबा, प्रश्न पाच किलोचा नाय. कार्डावर नाव नाय, तर उद्या दवाखान्याचा कागद अडेल, दाखला अडेल. कोण विचारेल, झिपरू धोडी म्हणून कोण हाय, तर आम्ही दाखवायचं काय?

दुसरी भाकरी घेतली. जेवताना उत्तर देणे योग्य नव्हे.

जेवणानंतर विचार केला. ज्याने पाड्यासाठी पहिली सही केली, त्याचेच नाव पाड्याच्या कागदांवरून जावे, हे योग्य नाही. सबब निर्णय फिरवला. फिरवला नव्हे, पुढे नेला. अंगठा लावणे वेगळे व अंगठेबहाद्दर असणे वेगळे. इतरांना अंगठा लावावा लागतो. मी लावतो आहे.

शनिवार, ८ मार्च. दुपारी २.

दुकानात कोणी नसेल अशी वेळ निवडली. यंत्रावर माझा उजवा अंगठा अकरा वेळा ठेवण्यात आला. डावा सात वेळा. उरलेली बोटे प्रत्येकी दोन वेळा. यंत्रातील बाई दर खेपेस म्हणाली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." बाई विनयशील आहे, हे मान्य केले पाहिजे.

विनोदने माझा अंगठा उजेडात धरला, पालथा केला, सुलटा केला. म्हणाला, "काका, रेघच नाय. गोटीसारखो गुळगुळीत." कधीपासून असे, असे त्याने विचारले. मी आजवर अंगठ्याकडे पाहिलेले नव्हते. पाहण्याचे कारण नव्हते.

घरी येऊन बुधीबाईस सांगितले की, सततच्या लेखनामुळे अंगठा झिजला आहे. ती म्हणाली, "वरसातून दोन सह्या. त्यानं झिजला?" तिच्या मते कोयता, नांगर व बांधाचे दगड. मत नोंदवून ठेवतो. सहमत नाही.

तिचा स्वतःचा अंगठा तितकेच गवत कापून शाबूत कसा, असे विचारले. म्हणाली, "मी मूठ घट्ट धरीत नाय."

रविवार, ९ मार्च.

अंगठ्याची विश्रांती योजना. विनोदचा सल्ला: आठ दिवस तेल लावा, जड काही धरू नका, रेघा वर येतात. मी तेलाऐवजी तूप ठरवले. चिंधी बांधली. पुढील कामे आठ दिवस बंद: लाकूड फोडणे, पाणी शेंदणे, कोयता, शेळीचे दावे, मोहाची फुले वेचणे.

बुधीबाईस कळवले. ती म्हणाली, "अंगठा एक, नि सुट्टी अख्ख्या डोकऱ्याला? तुम्ही भारीच हुशार." (तिने प्रत्यक्षात 'तू' म्हटले. नोंदीत दुरुस्त केले आहे.)

भाकरी चार बोटांनी मोडता येते. उशीर लागतो, पण चघळण्यास वेळ मिळतो.

गुरुवार, १३ मार्च. होळी.

होळीचे लाकूड उचलता आले नाही. उभे राहून मार्गदर्शन केले. माझ्या मार्गदर्शनाकडे कोणाचे लक्ष नव्हते, तरी होळी वेळेवर पेटली.

सुक्याने चिंधी पाहून विचारले, "काय रं, बाळंत झाला काय अंगठा? गुंडाळून ठेवलाय तो!" बायका हसल्या. बुधीबाई सर्वांत मोठ्याने. आज सण आहे म्हणून उत्तर दिले नाही. उत्तर सुचलेले नव्हते, हा भाग वेगळा.

शनिवार, १५ मार्च.

बुधीबाई सायंकाळी पाच वाजता घरी नव्हती. चौकशी केली. समाजमंदिरात दक्षा प्रौढांना अक्षरे शिकवते, तेथे बसते. सुक्याही बसतो. गेले तीन महिने. मला कोणी सांगितले नाही. बुधीबाई म्हणाली, सांगितले होते, तुम्ही पंचनाम्याची गोष्ट सांगत होतात.

वर्गास माझा विरोध नाही. समाजमंदिरात पंखा आहे, उन्हाळ्यात बसण्यास बरे. तथापि सही ही पंख्याखाली येत नाही. मला गुरुजींच्या छडीखाली चार वर्षे लागली.

सोमवार, १७ मार्च.

चिंधी सोडली. अंगठा पांढरा, मऊ, सुरकुतलेला. सुरकुत्यांनाच रेघा समजून आनंद झाला.

यंत्राने सहा वेळा नाकारले. प्रगती आहे. मागील खेपेस अकरा. या वेगाने पुढील खेपेस एक किंवा दोन. विनोदचे म्हणणे असे की, सहाव्यानंतर रांग लागल्याने त्यानेच थांबवले. ते प्रगतीच्या आड येत नाही.

याच प्रसंगी त्याने पडद्यावरील कार्ड वाचून दाखवले. कुटुंबप्रमुख: बुधीबाई झिपरू धोडी. झिपरू: पती. मी म्हणालो, छपाईची चूक आहे. तो म्हणाला, "चूक नाय काका, कायदो छे. घरातली मोठी बाई प्रमुख. बार वरस थयां." मी बारा वर्षे पती आहे, हे मला कोणी कळवले नव्हते.

घरी हे सांगितले नाही. तिला माहीत असल्यास तिनेही सांगितलेले नाही, म्हणजे ती मान राखते.

बुधवार, १९ मार्च. सकाळी ९.

चेहऱ्याने केवायसी. दक्षाने टाकीखाली नेले व मोबाइल माझ्यासमोर धरला. मोबाइलने सांगितले, डोळ्यांची उघडझाप करा. मी केली नाही. सरकारी फोटोत डोळे मिटू नयेत, हे मला आधी सांगण्यात आलेले आहे व मी एकदा सांगितलेले विसरत नाही.

दक्षाने सात वेळा विनवले. शेवटी एका माशीमुळे उघडझाप झाली. तेवढ्यात गुजरातने स्वागत केले व सर्व पुन्हा सुरुवातीपासून.

दुसऱ्या खेपेस उत्तर आले: चेहरा जुळत नाही. आधारच्या फोटोत मिशी आहे. ती मी नातवाच्या बारशाला काढली. सुक्या टाकीवर पाणी भरण्यास आला होता. म्हणाला, "मशीन खोटां नाय बोलत. मलापण कवा कवा वळखू येत नाय."

संकल्प: मिशी वाढवणे. मुदतीस बारा दिवस उरले आहेत. आरशात पाहता शक्य वाटते.

शनिवार, २२ मार्च.

मिशी शक्य नाही.

झोप कमी. यंत्राने अंगठा नाकारला, चेहरा नाकारला. सकाळी उंबऱ्यावर बसून स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारून पाहिले. शेळीने मान वर केली. एवढीच नोंद.

बुधीबाईने चहा आणून दिला. साखर जास्त होती. थोडा वेळ शेजारी बसली. कामे पडली असताना.

सोमवार, २४ मार्च. अत्यानंद.

विनोद स्वतः घरी आला. ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी कचेरीत अर्ज द्यावा. अर्जावर अर्जदाराची सही. पुन्हा लिहितो: सही.

शेवटी यंत्र हरले. पन्नास वर्षे जे सांगत होतो, ते सरकारास पटले.

अर्ज स्वहस्ते लिहिला. विषय: अंगठा न उमटल्याबाबत. सही मात्र साधी वाटली. कचेरीत जाणारी सही भारदस्त हवी. 'झि'ची वेलांटी मोठी केली, छत्रीप्रमाणे. 'डी'च्या शेवटास लांब फराटा दिला, त्याखाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबे. वहीची चार पाने भरली.

बुधीबाई पलीकडे पाटी घेऊन तिचे नाव गिरवीत होती. एक अक्षर, मग विचार, मग दुसरे. माझी सही पाहून म्हणाली, "छान हाय. पण ही शेपटी कोणाची?"

तिला समजावण्याची ही वेळ नव्हे.

गुरुवार, २७ मार्च.

सोमवारी ३१ तारीख, त्या दिवशी ईदची सुट्टी, त्याआधी शनिवार-रविवार. उद्याच जाणे भाग आहे. सदरा धुतला. पेनात शाई पाहिली. दुसरे पेनही घेतले. बुधीबाई म्हणाली, मी येते, बाजार करायचा हाय. सुक्या म्हणाला, मी येतो, काम काही नाय. दोघांनाही माझी सही होताना पाहावयाची असावी. नकार दिला नाही.

शुक्रवार, २८ मार्च. कचेरीत दुपारी १२.४०.

पुरवठ्याच्या टेबलावर जयश्री मॅडम. अर्ज वाचला. म्हणाल्या, अक्षर सुंदर आहे. असे चांगले वाक्य दिवसभरात एवढेच.

त्यांनी माझा जुना फॉर्म काढला. कार्ड नवीन झाले त्या वेळचा. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "बाबा, ही सही तुमची नाही." मी म्हणालो, माझीच आहे, सुधारलेली आहे. त्या म्हणाल्या, सुधारलेली चालत नाही, जुनीच करून दाखवा.

कोऱ्या कागदावर तीन वेळा केली. पहिल्या वेळी फराटा आपोआप आला. दुसऱ्या वेळी आवरला, तर 'डी'च अर्धी राहिली. तिसऱ्या वेळी मी कोणती सही करीत असे, हेच आठवेना. मागे रांग होती. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी आवाज खाली आणून नियम सांगितला. सही न जुळल्यास शाईचा अंगठा. यंत्राचा नव्हे, साध्या शाईचा. सही करता येणाऱ्या दोन माणसांसमक्ष. तुमच्याबरोबर सही करता येणारं कोणी आहे का?

मी नाही म्हणण्यास तोंड उघडले.

बुधीबाईने पदराला हात पुसला व पुढे आली. सुक्याने माझ्या खिशातील दुसरे पेन काढून घेतले.

येणेप्रमाणे, अंगठा न उमटल्याबाबतच्या अर्जावर माझा अंगठा उमटवण्यात आला. ठसा काळा, वाटोळा, आत एकही रेघ नाही. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही, हाच पुरावा धरू. नाव कार्डावर राहील, असे त्यांनी सांगितले. सुक्यास दीड मिनिट लागले. बुधीबाईस चार मिनिटे. तिच्या अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सरळ होती. तेवढा वेळ मी माझा शाईचा अंगठा वर धरून उभा होतो, कोठे पुसावा ते न कळून.

वर लिहिलेला मजकूर मला वाचून दाखवण्याची गरज पडलेली नाही, मी तो स्वतः वाचला, तो खरा व बरोबर आहे.

लिहून देणार: झिपरू चैत्या धोडी, निशाणी डावा अंगठा.

समक्ष हजर पंच:
१. सुक्या, शेजारी, राहणार खडकपाडा. सही.
२. बुधीबाई झिपरू धोडी, कुटुंबप्रमुख. सही.