आतून कडी असलेली खोली

१ डिसेंबर
आईने आज फोनवर विचारलं, "आपल्या चंद्रपुरातबी बारा डिग्री, तुह्या तिकडंबी बारा डिग्री. मंग तुलेच काहून एवढी थंडी वाजते व?" मी वारा, आर्द्रता, पत्र्याची भिंत असं काहीतरी बोलले. आई म्हणाली, ते सगळं ठीक, पण काहून? मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

चूक माझीच. गल्फ म्हणजे ऊन, असं धरून बॅग भरली. सुती ओढण्या, ओआरएसची पाकिटं, सनस्क्रीन. लू लागू नये म्हणून आईने खिशात ठेवायला कांदेसुद्धा दिले. स्वेटर धाकट्या भावाला देऊन आले.

हैमा हे गाव मस्कत आणि सलाला यांच्या मधोमध आहे, म्हणजे दोन्हींपासून सारखंच लांब. आमचा रस्त्याच्या कामाचा कॅम्प त्याच्याही पश्चिमेला. समोर डांबर, मागे वाळू, मधून वारा.

पण खोली माझी एकटीची आहे. चंद्रपूरला दोन खोल्यांत आम्ही पाच जण. अभ्यास मी विहारात केला, झोपले आई आणि भिंत यांच्या मध्ये. घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हाच ठरवलं होतं: आतून कडी असलेली खोली. ती आता आहे. कधीकधी उगाचच कडी लावून बघते.

संकल्प: दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट याच खोलीत पूर्ण करायचं. कोणाकडे काही मागायचं नाही.

३ डिसेंबर
कामगारांच्या एका केबिनमध्ये हीटरमुळे एक्स्टेन्शन बोर्ड जळाला. सेफ्टी ऑफिसर या नात्याने लगेच सर्क्युलर काढलं: केबिनमध्ये हीटर बंद, शेगडी बंद, एसीच्या फटी पुठ्ठ्याने बुजवणं बंद, कारण हवा खेळती हवी. कॅम्प बॉस चंद्रहास कारवारचा. त्याने सर्क्युलर दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हवा खेळून खेळून दमत नाही हो इथली. तिला अजून किती खेळवायची?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

सगळे हीटर सेफ्टी स्टोअरमध्ये जमा. चावी माझ्याकडे. समाधान वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
गावात किराणा दुकानवाल्या जमालभाईंच्या घरी मराठी वर्ग सुरू केला. त्यांची मुलगी अल्फिया ऑनलाइन शाळा शिकते, इंग्रजीच बोलते. तिची आई शकीलाभाभी श्रीवर्धनच्या. मुलीला मराठी लिहितावाचता यावं असं त्यांना फार वाटतं. समाजाचं ऋण फेडण्याची सुरुवात अशीच होते.

अल्फियाने माझा हात धरून 'क' गिरवला आणि म्हणाली, "टीचर, तुझा हात आइस आहे."

भाभी आतून एक ब्लँकेट घेऊन आल्या. जाड, चकाकतं, त्यावर आख्खा वाघ. "घे गो, ने. कुडकुडतंस कशाला?" मी म्हटलं, भाभी, मी ताडोब्याजवळची, वाघ पुष्कळ बघितलेत. नाही घेतलं. शिकवायला जायचं आणि येताना ब्लँकेट घेऊन यायचं, हे बरं दिसत नाही.

६ डिसेंबर
अभिवादन सभा. साइट इंजिनियर लोकेश अकोल्याचा आहे, आणखी चौघे आहेत. मी मोकळ्या जागेत, आकाशाखाली, मेणबत्त्या लावून सभा घ्यायचं ठरवलं होतं. लोकेश म्हणाला, मेसमध्ये घेऊ. मी म्हटलं, इतक्या मोठ्या माणसाला मेसच्या खिडकीखाली बसवायचं का?

मेणबत्ती पेटेना. पेटली की विझे. शेवटी दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांत उभ्या केल्या. पेटल्या, पण डब्याबाहेर उजेड येईना. फोटो लोकेशने दोन्ही हातांनी धरला होता, नाहीतर उडाला असता. वंदना झाली. ओठ हलत होते, शब्द वाऱ्याने नेले. पाया पडायला वाकले तेव्हा गुडघे कळले नाहीत.

१४ डिसेंबर
वारा थांबला नाही. दाराखालून वाळू येते, सकाळी तिची छोटी टेकडी झालेली असते. झाडते. काही वाटत नाही.

सकाळी पाच मिनिटं पेन धरता येत नाही. हे व्यायामाने जाईल. उद्यापासून सूर्यनमस्कार.

१५ डिसेंबर
सूर्यनमस्कार नाही. सूर्यच दिसत नव्हता, धुरळा होता.

१९ डिसेंबर, शुक्रवार
कामगारांनी गाद्या उचलून मेसमध्ये नेल्या. सगळे एकाला एक लागून झोपतात. हे नियमात बसतं का ते तपासलं. बसतं. आत गेले तर चष्म्यावर वाफ आली, इतकी ऊब. कोणीतरी भोजपुरीत गात होतं. मला बघून गाणं थांबलं. चंद्रहास म्हणाला, "मॅडम, तुमची पण सोय केली असती, पण..." मी म्हटलं, माझी खोली आहे.

परत येऊन कडी लावली. कडी रात्रभर वाजते. आतून लावलेली असली तरी कोणी बाहेरून ठोठावतंय असं वाटतं. दोनदा उठून विचारलं, कोण आहे?

२२ डिसेंबर
सुरक्षेच्या दृष्टीने जप्त केलेल्या हीटरची तपासणी आवश्यक आहे. एक हीटर स्टोअरमध्ये लावून पाहिला. वायर तापते का ते बघायचं होतं. वायर तापली नाही. मी तापले.

२३ डिसेंबर
दुसरा हीटर तपासला.

२७ डिसेंबर
तपासणी रोज चालू आहे. काम कसून करावं लागतं.

२९ डिसेंबर
लोकेशने स्टोअरच्या खिडकीतून बघितलं. मी स्टूलवर, हीटरपुढे, मोजे काढून. तो आत आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "जय भीम, मॅडम. कोणता पास झाला?" मी म्हटलं, अजून निष्कर्ष निघाला नाही. त्याने पायांकडे बघितलं, म्हणाला, "बोटं निळी आहेत. एवढी खोलीची हौस कशाला, शकीलाभाभींकडे राहा ना. वारा जाईपर्यंत."

मी त्याला सांगितलं की पाच जणांत झोपून झालंय माझं. पुरे.

मी स्टोअरची चावी त्याच्याकडे दिली. नियम म्हणजे नियम.

९ जानेवारी, शुक्रवार
वर्गाला गेले. गेल्या शुक्रवारी वाऱ्यात गाडी निघाली नव्हती. अल्फियाला 'घर' लिहायला सांगितलं. तिने लिहिलं आणि खाली चित्र काढलं. चित्रात एक गादी, त्यावर चार डोकी. दादी, आई, ती आणि लहानगा भाऊ नुमान. म्हटलं, बाकीच्या खोल्या? म्हणाली, "बाकी रूम्स कोल्ड आहेत. आम्ही सगळे एकाच रूममध्ये." अब्बा? अब्बा दुकानात झोपतात, तांदळाच्या गोण्यांमध्ये.

मी तिला 'खोली' आणि 'घर' यातला फरक समजावून सांगितला. नीट जमलं नाही.

निघताना भाभींच्या सासूबाई खुदेजाबी म्हणाल्या, "ही पोर हसत का नाय गो?" मी हसत होते. गालांना कळत नसावं.

१२ जानेवारी
घरी फोन. आई गल्लीत सगळ्यांना सांगते की पोरीला कंपनीने स्वतंत्र खोली दिली. शेजारची कोणी बाई ऐकायला आली होती. आईने स्पीकर लावला आणि म्हणाली, सांग तिले, खोली कशी हाय. मी सांगितलं. पलंग, टेबल, कपाट, एसी. एसी ऐकून ती बाई "अगं बाई" म्हणाली. एसीतून वारा येतो तो आवाज तिला थंडगार वाटला असेल. तो होताच.

१८ जानेवारी
कडी तुटली. वाऱ्याने दार आत ढकललं आणि कडी स्क्रूसकट माझ्या गादीवर येऊन पडली. चंद्रहास म्हणाला, बाहेरून तारेने बांधून देतो. मी म्हटलं, आत माणूस असताना बाहेरून दार बांधणं हे सेफ्टीच्या विरुद्ध आहे. त्यामुळे दाराला पाण्याची पिंपं लावली. पिंपंही सरकली.

बाकी रात्र मी दाराला पाठ लावून बसले. दार मी धरलं होतं. ही वेळ विचार करायला चांगली होती, पण विचार आला नाही. कांदा आठवला. आईने दिलेला एक अजून बॅगेच्या खिशात आहे, त्याला कोंब आलाय. एवढ्या थंडीत त्याला कसं सुचलं कोण जाणे.

१९ जानेवारी
नवी कडी मस्कतहून येईल. इन्शाल्ला.

२० जानेवारी
संकल्प: कडी येईपर्यंत काही दिवस शकीलाभाभींकडे. हे राहणं नाही. अल्फियाच्या मराठीसाठी सतत सहवास लागतो, शुक्रवारचा एक तास पुरत नाही. भाभींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो हो, सहवास. गादीवर मधे ये, कडेला गार लागतां."

२१ जानेवारी
झोपले. सकाळी उठले तेव्हा नुमानचा पाय माझ्या पोटावर होता, वाघाचं तोंड माझ्या गळ्याशी. हाताची बोटं दुखत होती. खूप दिवसांनी दुखली. पेन पहिल्याच मिनिटाला धरता आलं.

३० जानेवारी, शुक्रवार
कडी आली. लोकेशने निरोप दिला. मी म्हटलं, बघते.

१ फेब्रुवारी
संध्याकाळी आईचा फोन. आता थंडी कशी? म्हटलं, नाही वाजत. काहून? म्हटलं, सवय झाली. "खोली एकटीचीच हाय ना?" हो म्हटलं. तेवढ्यात शेजारी खुदेजाबींनी घोरायला सुरुवात केली. आई म्हणाली, "कोन घोरते व?" म्हटलं, वारा.

आई म्हणाली, "घोरू दे. चांगला घोरते."

माझ्या केबिनची चावी मी चंद्रहासला कडी यायच्या आधी, सोमवारीच देऊन टाकली. नवी कडी त्याने बसवली आहे. सेफ्टी स्टोअरमध्ये जागा नव्हती, म्हणून जप्त केलेले हीटर आता त्या खोलीत ठेवलेत.