आईने उन्हात ठेवलेली वाइन

थाटीपुर, ग्वाल्हेर, मंगळवार, २ जून

१. नाशिकहून आणलेली गोड, कडक वाइन मी बरणीत भरून कपाटात, अंधारात ठेवली.
२. तीन आठवडे इंदूरला गेले.
३. आईने बूच काढून, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून बरणी गच्चीवर उन्हात ठेवली.
४. आज परतले. चाखली. फार छान लागते.

चौथा मुद्दा तीनदा तपासला.

"अगं, बरणीला ऊन दाखवावंच लागतं," आई म्हणाली. "लिंबाच्या लोणच्याला नाही दाखवत? बेकार तर नाही ना झाली?"

बाबांनी पेला पुन्हा पुढे केला. "झालीच असेल. थोडी अजून दे, पक्कं सांगतो."

नाशिकच्या वायनरीत वाइन बनवायचे तेव्हा आम्ही उष्णतेशी भांडायचो. नंतर टास्मानियातल्या वायनरीत उलट, द्राक्षं पिकतील की नाही याचीच धास्ती. पण ऊन वाइनला लागू द्यायचं नाही, हे दोन्हीकडे पक्कं. आणि इथे चव्वेचाळीस अंश, वर ते फडकं! चव अक्रोडाची, भाजलेल्या अंजिराची. अशी गोड, कडक वाइन काही ठिकाणी मुद्दाम उन्हात मुरवतात हे शिकले होते. मग मी कधीच का करून पाहिलं नाही? भीतीच ना? त्या फडक्याचं मला अजून हसू येतंय.

न्यूझीलंडच्या वायनरीने देऊ केलेल्या नोकरीला शनिवारी उत्तर द्यायचंय. तिकडे जायचं नाहीये, हे आज कळलं. नाशिकच्या वायनरीतल्या सरांना लगेच लिहिलं:

"सर, तुमच्याकडची दोनशे लिटर गोड वाइन ग्वाल्हेरच्या उन्हात मुरवून पाहायची आहे. द्याल का? हो असेल तर मी न्यूझीलंडला नाही म्हणेन. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा."