धारोष्ण

३ मार्च
ऑपरेशनपासून बाबा दुधाचा ग्लास परत पाठवतात. म्हणतात, पिशवीचं दूध म्हणजे पांढरं पाणी, लहानपणी आम्ही धारोष्ण प्यायचो. ठरलं. उद्यापासून रोज पहाटे थेट गोठ्यावर. पिशवीवाल्याला फोन करून बंद सांगितलं. बायको म्हणाली, आधी चार दिवस उठून दाखवा. आमच्या घरात प्रोत्साहन हा प्रकार नाही.

४ मार्च
आठला जाग आली. अलार्ममध्ये फॉल्ट आहे. सगळ्यांना कोरा चहा. कोरा चहा तब्येतीला उत्तमच.

५ मार्च, पहाट
वेळेवर उठलो! गोठा गाठला. गोठेवाल्या बाईंनी विचारलं, भांडं कुठंय? आता दूध कशात तरी घालून देतील, असं कोणालाही वाटणारच. ओंजळीत नेता का, म्हणाल्या. उगाच आगाऊपणा. कोरा चहा.

६ मार्च
भांडं नेलं. स्टीलची बरणी, मागच्या सीटवर. झाकण ढिलं आहे हे बायकोने आधी सांगायला हवं होतं. बरणी रिकामी, गाडी धारोष्ण.

८ मार्च
काल गाडी धुण्यात गेला. आज नवं झाकण. वाटेत शेजारी भेटले, त्यांना ताज्या दुधाचे फायदे जरा सविस्तर सांगितले. ऊन चढलं. बायकोने उकळायला ठेवलं आणि दूध फाटलं. तिने गाळणं काढलं. बाबा म्हणाले, राहू दे रे. ते फार लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

९ मार्च
आज काहीही करून बाबांच्या पोटात दूध गेलंच पाहिजे. उठायला उशीर झाला (अलार्म). कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पिशव्या घेतल्या, दातांनी फोडून बरणीत ओतल्या. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी भांडं मिरवत आणलं, पिशव्या खिशात. घरात शिरताच जाहीर केलं, धारोष्ण आहे, उकळायचं नाही. ग्लास भरून बाबांच्या हातात दिला.

बाबांनी ग्लास गालाला लावून पाहिला. म्हणाले, तिथे म्हशी फ्रीजमध्ये बांधतात वाटतं. बायको माझ्या ओल्या खिशाकडे बघत होती.

मग बाबांनी सगळा ग्लास संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, उद्याही आण.

उद्यापासून पिशव्या आधी कोमट पाण्यात ठेवायच्या.