फक्त नाव बदला

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

नवी नोकरी, नवी वही आणि नवे मॉनिटर! एक नाही, चांगले दोन. सत्तावीस इंची, फोर-के. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या या स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करतात. पाण्यात भिजलेले, कसर लागलेले, कोपरे फाटलेले. मालक विद्याधर सर म्हणाले, लॅपटॉप तुझा तू आण, मॉनिटर मी देतो, जोडायचे मात्र तुझे तू.

अख्खी सकाळ त्यातच गेली. पहिला एचडीएमआयवर लगेच लागला. दुसरा टाइप-सीवर काही केल्या उजळेना. शेजारच्या टेबलावरचा मिहिर हसायलाच लागला. म्हणाला, चेतना, अगं ती मोबाइल चार्जिंगची केबल आहे, तिच्यातून चित्र कुठून जाणार! त्याने स्वतःची जाड केबल काढून दिली. मग दोन्हीकडे एकच चित्र; ते ‘एक्स्टेंड’ केलं. अक्षरं मोहरीएवढी दिसत होती, ती दीडपट केली. लॅपटॉप मिटून बाजूला सारला. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे काम. झकास! कुणा आजोबांच्या कोटाचे टाके मोजता येत होते.

सर म्हणाले, या स्क्रीनवर काही लपत नाही हां. मीही हसले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी केबल लावल्या आणि डाव्या मॉनिटरवर एक फोटो आपोआप उघडला. कमलताई आणि सुनंदाताई, सख्ख्या बहिणी, कुणाच्या तरी हळदीत गालाला गाल लावून बसलेल्या. मी आधी काम करायचे त्या साकीनाक्याच्या दुकानातली फाइल. मिहिर म्हणाला, लॅपटॉपला सवय असते, शेवटची खिडकी कुठे होती ते लक्षात ठेवतो. असेल. पण ही फाइल मी डिसेंबरातच उडवली होती.

पुन्हा उडवली. रिसायकल बिनही रिकामं केलं. त्या दुकानात आम्ही श्रद्धांजलीचे बॅनर करायचो. ते मी का सोडलं, हे इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फोटो रोज उघडतो. मोबाइलवरून आलेला धुरकट फोटो होता तो. आता त्यात पापणीचा केस न केस दिसतो. कमलताईंच्या गालावरचा तीळसुद्धा.

लिहूनच टाकते. वहीला तरी खरं सांगावं.

नोव्हेंबरात कमलताई गेल्या. सुनंदाताईंच्या मुलाने, प्रबुद्धने, पुण्यानुमोदनाच्या बॅनरसाठी हा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, गालावर तीळ आहे ती कमलमावशी. मी मेसेज वाचायच्या आधीच दोन्ही चेहरे साफ केले होते. डाग, पुटकुळ्या, तीळ, सगळं. आमच्या कामात हात आधी तिकडेच जातो. मग मेसेज वाचला, तर दोघी एकसारख्या. मूळ फोटो परत उघडायला कितीसा वेळ लागला असता? पण आळस. अंदाजाने एक चेहरा उचलला, त्याला हार घातला, खाली नावाआधी ‘कालकथित’, म्हणजे दिवंगत, असं लिहिलं आणि छपाईला दिला.

बॅनर छापून झाल्यावर मनाला टोचलं म्हणून मूळ फोटो उघडला. चुकलं होतं. छपाईवाले खंडूमामा तेव्हा समोरच बॅनरच्या कडांना रिंगा ठोकत होते. एक शब्द बोलले असते तर थांबले असते. मी चहा पीत बसले.

सुनंदाताईंनी नाक्यावर स्वतःचाच हार घातलेला चेहरा पाहिला. म्हणे हसल्या. म्हणाल्या, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं. आठव्या दिवशी मेथी निवडता निवडता गेल्या. प्रबुद्धचा मेसेज आला: फोटो तोच ठेवा. फक्त नाव बदला.

मी नाव बदललं. चुकीच्या चेहऱ्याची बोंब झाली तेव्हा फायलींची अदलाबदल मामांनी केली, असं दुकानाच्या शेठने ठरवलं आणि त्यांना कामावरून काढलं. मी तिथेच मान खाली घालून उभी होते. मला स्वतःची शिसारी येते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लॅपटॉप मिटलेला, मॉनिटर दोन. सेटिंगमध्ये चौकोन मात्र तीन. कुठला कुठे ते कळावं म्हणून ‘आयडेंटिफाय’ दाबलं. डावीकडे १ आला, उजवीकडे २. तिसरा आकडा कुठेच नाही. मिहिरने वाकून केबल मोजल्या. दोनच निघाल्या. म्हणाला, सोड ना यार, सॉफ्टवेअरची नाटकं.

माउसचा बाण मात्र उजव्या कडेपलीकडे जातो आणि तिथेच राहतो. परत आला की त्याच्याबरोबर तो फोटो ओढत आणतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज तीळ कोटवाल्या आजोबांच्या गालावर होता. मग एका नवरीच्या. मग बारशातल्या बाळाच्या. स्क्रीन पुसली. धूळ नव्हे. मिटवला की दुसऱ्या चेहऱ्यावर उमटतो. मिहिरला एकही दिसत नाही. तो म्हणाला, वाट लागलीये तुझी, चेतना, घरी जाऊन झोप काढ.

मला माहीत आहे तो कुणाचा आहे. मीच पुसला होता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

खंडूमामांना फोन केला. सांगायचंच, असं ठरवून. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माझा नंबर ओळखला. नवी नोकरी बरी आहे ना, विचारलं. स्वतः घाटकोपरला मुलीकडे असतात; या वयात कोण काम देणार, म्हणाले. आणि म्हणाले, बरं झालं पोरी, तू तरी त्या भानगडीतून सुटलीस.

मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दोघी आता गालाला गाल लावून बसलेल्या नाहीत. मध्ये जागा झाली आहे. एका माणसाएवढी.

सरांना म्हटलं, मला लॅपटॉपवरच काम करू द्या. दोन्ही केबल काढल्या. डावा मॉनिटर तरी चालूच —

केबल माझ्या हातात होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपारी पाऊण

सगळे जेवायला गेलेत. मी मेसेज पाठवला. प्रबुद्धला. सगळं लिहिलं. तीळ मी पुसला, चूक छापल्यावर लगेच कळली होती, मामांचा काही दोष नाही, त्यांना परत कामावर घ्या म्हणून शेठला सांगते. तीन महिने उशीर. पण पाठवला.

निळी खूण आली. वाचलं त्याने.

पाऊण वाजून पाच मिनिटं

उत्तर आलं.

‘फोटो तोच ठेवा. फक्त नाव बदला.’

हे त्याचं नाही — तो असं का —

डावीकडे बघायचं नाही. बघितलं.

तिघी. मधली मी. हळदीला मी नव्हते, मी त्यांना कधी भेटलेसुद्धा नाही. माझा गाल साफ. एकही डाग नाही. कुणीतरी नीट पुसलाय.

उजवीकडे बॅनर उघडलाय. तीन बाय दोन. त्यावर एकटा माझाच चेहरा. हार घालून झालाय. मी कीबोर्डला हात लावलेला नाही, दोन्ही हात वहीवर आहेत, तरी खालच्या ओळीत अक्षरं —

कालकथित

मामा, मी शेठला खरंच आज सांगणार —

च उमटला. आता त्यावर मात्रा