गोलामागचं गाणं

६ एप्रिल, मात्सुए

वही, माफ कर. डिसेंबरात निरोपाचा सामना झाला, तेव्हापासून तुला हात लावला नाही. लिहिलं असतं तर प्रत्येक वाक्य भूतकाळातच गेलं असतं.

आज सोनोयामा-सान आले. आमच्या फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचे म्होरके. गोलामागचा ढोल त्यांचाच. स्वतःच्या दुकानातला तोफू पुढे ठेवून, गुडघे मुडपून ताठ बसले.

"तुमच्या जागी आता बचावाला काजितानी खेळतोय. पोरगा बरा आहे, पण त्याच्या नावाचं गाणं अजून नाही. तुमचं देता का? त्याचंही नाव चार ठोक्यांत नीट बसतं. करून पाहिलं मी, तोफू कापताना."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

आपल्या जपानात याचा अर्थ 'नाही'. ते समजले, चहा संपवून गेले. मला खरंच विचार करायचा होता का? ठरवता येत नाही.

७ एप्रिल

चिझुरुला सांगितलं. बायको ती! "एकदा तरी सुरात म्हटलंयस का ते? आणि जपतोयस मात्र दागिन्यासारखं."

९ एप्रिल

मी वेगवान नव्हतो, देखणा तर नव्हतोच. डोक्याला पट्टी बांधून खेळलो त्या सामन्यात लोकांनी हे गाणं रचलं – चार टाळ्या, मग माझं नाव, 'कु-वा-बा-रा'. पुढे तळ्याकाठी शिंपल्या चाळणाऱ्या बायकाही म्हणायला लागल्या. मी दिसलो की मुद्दाम मोठ्यानं. "आली बघा आपली भिंत! हिला जास्त घाला गं, भिंतीला खायला फार लागतं." पिशवीत ओंजळभर शिंपल्या वाढायच्या. असं प्रेम गोल मारणाऱ्यांच्या वाट्याला येतं. मी तर फक्त गोल होऊ दिले नाहीत, आणि तेही कधीकधीच.

१३ एप्रिल

सामन्याला गेलो. डोळ्यांवर टोपी ओढून गोलामागे पाठीराख्यांत उभा राहिलो. सामन्याआधी एकेकाचं गाणं झालं. काजितानीच्या वेळी नुसता ढोल.

उत्तरार्धात त्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला. ढोल थांबला. तेवढ्यात शेजारचा ओरडला, "अरे, हे तर कुवाबारा-सान!" आणि गाणं सुरू झालं. माझं. गोलामागचा अख्खा जमाव गात होता. मी टोपी काढून वाकलो. किती सुख झालं, ते या पानापासून लपवणार नाही.

मान वर केली तेव्हा काजितानी आमच्याकडे पाहत होता. मग तोही डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागला, ठोक्यात, माझ्यासाठी. त्याच्यामागे खेळ सुरू व्हायचा होता.

घरी येऊन जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल

सोनोयामा-सानना फोन केला. गाणं काजितानीला द्या म्हणालो. ते म्हणाले, "लोकांच्या तोंडात तुमचंच नाव बसलंय, चुकणार. पहिल्यांदा कुणीतरी पुढे उभं राहून त्याचं नाव घ्यायला हवं. तुम्हीच या."

मी "येतो" म्हणालो.

उद्या: गाडीच्या काचा लावून मोठ्यानं म्हणून बघायचं – का-जि-ता-नी.