मतदार यादीतलं तुझं वय

माय,

तू आता एकाहत्तर वर्षांची आहेस. दिवाळीनंतर आर्णीच्या तहसील कार्यालयात, निवडणूक शाखेच्या बाकड्यावर बसून मी हे वाचलं आणि आधी वाटलं, दुसरीच कोणी असेल. पण घर क्रमांक आपला, पतीचं नाव बाबांचं, आणि फोटोत तूच, 'हसू नका' असं फोटोवाल्याने सांगितल्यावर ओठ दाबून बसलेली. तुला जाऊन तेरा वर्षं झाली. तिथल्या बाबूला विचारलं तर त्याने मान वर न करता सांगितलं, "वय कॉम्प्युटर वाढवते मॅडम, दरसाल एक. मानूस मेला का जिता हाये, हे कोनं सांगतलंच नाही तं त्याले काय समजन?" म्हणजे चेहरा होता तिथेच थांबलाय आणि वय आपलं चालतंच आहे.

मी तिथे कशाला गेले होते तेही सांगते. कापूस बुडत होता त्या वर्षांत गावागावांतून कोण नाहीसं झालं, याचा मी पुण्यात अभ्यास करते आहे. कोणी मेलं, कोणी सुरतेला गेलं, कोणी बायकोपोरांसकट घराला कुलूप लावून गेलं. जुन्या याद्या लावून पाहिल्या की कोणतं नाव कधी कटलं ते कळतं. त्या मिळवताना 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण मी पुरती भोगली. फुलसावंगीकडच्या याद्या पाहिल्या, आर्णीच्या आसपासच्या पाहिल्या, सगळीकडे त्या वर्षांत नावं कटलेली. आपल्या गावात एकही नाही. माझे मार्गदर्शक फोनवर हसले, "तुझं गाव अमर आहे की काय?" मला हसू आलं नाही. गावातल्या मतदार यादीचं काम तेव्हा अंगणवाडीच्या बाईकडे होतं, आणि ती बाई तू होतीस. नायब तहसीलदार सज्जन माणूस. म्हणाले, "तुम्ही घरोघरी पडताळणीला जाणारच, तर मयतांची नावं आम्हालाही द्या. एकदाची यादी साफ होईल." मी हो म्हणून बसले.

तुझं ते चावडी वाचन मला अजून दिसतं. कच्ची यादी गावासमोर मोठ्याने वाचायची आणि कोण मेलं, कोण गेलं ते लोकांनी सांगायचं, असा नियम. मी बारावीत आहे. वेचणीचे दिवस, म्हणून तू वाचन दिवेलागणीला ठेवलं आहेस. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया थेट वावरातून येऊन बसल्यात, केसांत कापूस, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. तू अंगणवाडीत हजेरी घेतेस त्याच आवाजात नाव वाचतेस, वय वाचतेस, आणि मोठी माणसंही लेकरांसारखी "हाये" म्हणतात. समोरच्या काकूच्या नवऱ्याचं नाव येतं. फवारणी करून आला, ओकाऱ्या करत पडला आणि यवतमाळच्या दवाखान्यातून परत आलाच नाही, त्याला थोडेच दिवस झालेत. तू नाव वाचतेस. वय वाचतेस. काकू म्हणते, "हाये." कोणी कोणाकडे पाहत नाही. तू चष्म्यावरून तिच्याकडे बघतेस आणि पुढचं नाव घेतेस. मग मागच्या अंधारातून, ज्या नावांना उत्तर यायला नको त्यांनाही उत्तरं येऊ लागतात. "हाये." "हाये." मी ओट्याच्या कडेला बसले आहे आणि मागे वळून पाहायची माझी हिंमत होत नाही.

घरी येताना मी तणतणत विचारलं, "काहून खोडलं नाही तू?" तू म्हणालीस, "ज्याच्या घरचे म्हन्तेत हाये, त्याले नाही म्हननारी मी कोन?" हे खोटं आहे, असं मी म्हटल्यावर तू जे झापलंस ते अजून कानात आहे. "तुले शाळा शिकवली तं आता माह्याच हजेऱ्या तपासते का वो? जाय, तिच्या दारात उभी राह्य अन् तूच सांग तिले, नाही म्हून." मी अर्थातच गेले नाही.

या वेळी मात्र जावंच लागलं. काकू आता पार थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. मी ओसरीत यादी उघडली तर तिचा पहिला प्रश्न, "त्याईचं वय किती झालं वो आता?" मी बासष्ट म्हणून सांगितलं. ती खुश झाली. "गेले तवा एक केस पिकला नोता. आता बुढे दिसत असन. माह्यासंगच बुढे होऊन राह्यले." यादी साफ करायला आले आहे, हे त्यानंतर माझ्या तोंडून निघेना. "वाच नं पोरी," ती म्हणाली, "मास्तर लय भराभरा वाचते." तुझ्यामागे ते काम शाळेच्या मास्तरांकडे गेलंय. शेजारच्या दोघीतिघी येऊन टेकल्या. मी वाचत गेले. ज्यांची घरं पडून तिथे आता बेशरमाची झुडपं उगवलीत त्यांची नावं आली, त्यांच्यासाठीही कोणी ना कोणी बोललं. मग तुझं नाव आलं. तुझं वय माझ्याने वाचवेना. आणि काकू अगदी सहज म्हणाली, "हाये." म्हणताना ती जराशी सरकून बसली, कोणाला तरी जागा करून द्यावी तशी. तुझं नाव मास्तरांच्या हलगर्जीपणामुळे राहिलंय असं मी समजत होते, आणि इकडे दर वाचनाला ही बाई तुझ्यासाठी बोलत आली होती. मला रडू आलं, माय, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. त्या सरकलेल्या जागेकडे मी पाहिलं नाही.

नायब तहसीलदारांना मी सांगितलं की पडताळणी काही जमली नाही. मार्गदर्शकांना म्हटलं, हे गाव अभ्यासातून वगळू या. ते चिडले, एक गाव गळलं की सगळी तुलना लंगडी पडते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. हे पत्र मी टाकणार नाही. पत्ता आहे, पण टाकलं तर काकू ते तुझ्या नावाने घेईल, याची मला खात्री आहे.

एक मात्र कोणालाच सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तुझ्या खालोखाल माझं नाव होतं. पुण्यात नाव घातलं तेव्हा इथलं काढायचं राहून गेलं होतं. मी ते वाचलं, वयासकट. ओसरीत कोणीच बोललं नाही. मी वाट पाहिली. मग कळलं की सगळ्या बाया माझ्याकडेच पाहत आहेत, उत्तर मीच द्यायचं होतं. माझ्या तोंडून 'हाये' निघालं नाही, माय. मी पुढचं नाव वाचलं.