वूफरची जागा

तीर्थस्वरूप गोरक्षदादांना इंदिरानगरहून रविराजचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? नांदगावात थंडी वाढली असेल, शेकत जा. तुम्ही फोन करता आणि उज्वला उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात, ते वहिनींकडून कळलं. दादा, तिला ऐकू येत नाही. मेंदूज्वरातून ती वाचली, पण दोन्ही कान गेले. (मशीनचाही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.) तुम्हाला कळवायचं नाही, अशी तिची ताकीद होती.

भजनी मंडळात ढोलकी वाजवणारी तुमची बहीण घरात नुसती बसून राहायला लागली. मला कोणीतरी सांगितलं की खर्जातला आवाज कानाला नाही तरी अंगाला कळतो. म्हणून मी भला मोठा वूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, आणला (पाहुण्यांना वाटतं, दुसरा फ्रीज घेतला) आणि टीव्हीखाली ठेवला. हॉलमध्ये नुसती घुसमटलेली गुरगुर. दणका सगळा स्वयंपाकघरात, तिथे डब्यांची झाकणं वाजत होती. खालच्या वत्सलाबाई वर आल्या आणि त्यांच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सरकत सरकत कडेला आल्याचं सांगून गेल्या.

दुकानदाराला विचारलं तर त्यानं भलताच उपाय सांगितला. उज्वला बसते त्या खुर्चीत वूफर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे ठोका सगळ्यात भरीव लागेल, ती वूफरची जागा. मी बनियन-पायजम्यावर, कान फरशीजवळ नेऊन रांगत होतो. तेवढ्यात वत्सलाबाई पुन्हा तक्रार घेऊन आल्या, मला फिट आली असं समजल्या आणि कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. उज्वला हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. पण स्वतःचं हसू तिला ऐकू येत नाही, ते फार मोठं निघालं. वत्सलाबाई दचकल्या. ते पाहून तिनं तोंडावर हात दाबला.

जागा सापडली कपाटाशेजारच्या कोपऱ्यात. तिच्याच मंडळाचं नवं भजन लावलं. ती अनवाणी उभी राहिली, तळवा वूफरवर टेकवला आणि बोटं आपोआप ठेका धरायला लागली. मग थांबली.

"ढोलकी कोण वाजवतंय?"

मी तिच्या जागी आलेल्या भागीबाईंचं नाव घेतलं. तिला कळेना, म्हणून तिच्या तळहातावर बोटानं लिहिलं.

"चांगली वाजवते," ती म्हणाली. "बंद करा."

हल्ली वूफरवर ती इस्त्रीचे कपडे ठेवते.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
रविराज

ता. क. – काल तिनं आपणहून विचारलं, दादा येईल का. येत्या रविवारी या. समोर बसून सावकाश बोललं, की तिला ओठांवरून थोडं थोडं कळतं.

ता. ता. क. – येताना मिशी काढून या. तुमचा वरचा ओठ आमच्यापैकी कोणीच आजवर पाहिलेला नाही. मिशीला तुम्ही किती जपता, हे मला ठाऊक आहे. दुसरा मार्ग असता तर सांगितलं नसतं.